गुडघ्यातले प्लास्टिक
‘चकती झिजली’ : कृत्रिम गुडघ्यात धातूच्या दोन भागांमध्ये पॉलिएथिलीनची चकती असते. कृत्रिम खुब्यासाठी शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉन वापरले; टेफ्लॉन लवकर झिजल्याने १९६२मध्ये चार्नली पॉलिएथिलीनकडे वळले. तेही झिजतेच. सुटलेले सूक्ष्म कण शरीरातल्या पेशी गिळतात, त्या दाहाने भोवतीचे हाड विरते, सांधा सैल होतो. हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या जुन्या चकत्या ऑक्सिडीकरणाने ठिसूळही होत. म्हणून काही नव्या चकत्यांत ई जीवनसत्त्व मिसळतात. चकती वापरतानाही जपावे लागते. उदाहरणार्थ, औंढा नागनाथच्या देवळाचा गाभारा तळघरात आहे. तिथे अरुंद जागेतून वाकून उतरावे लागते. गुडघा खूप वाकवल्याने चकतीवर ताण येतो, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच उतरावे. हाड विरताना बरेचदा दुखत नाही. म्हणून ठरल्या वेळी एक्स-रे चुकवू नये.