तिसरे नाव तुर्कस्तानचे

क्युबाचा पेचप्रसंग शिकवताना आम्ही शिक्षक फळ्यावर दोन नावे लिहितो, केनेडी आणि क्रुश्चेव्ह. तिसरे नाव तुर्कस्तानचे; ते बहुधा राहूनच जाते.

कोरियाच्या युद्धात तुर्की फौज अमेरिकेच्या बाजूने लढली होती. 1952 साली तुर्कस्तानला 'नाटो'त प्रवेश मिळाला आणि पुढे इझमीरजवळ 15 ज्युपिटर क्षेपणास्त्रे उभी राहिली. 27 ऑक्टोबर 1962 च्या संध्याकाळी रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना तोंडी शब्द दिला: क्युबातली तुम्ही काढा, तुर्कस्तानातली आम्ही काढू, मात्र वाच्यता नको. अंकाराला कोणी विचारले नाही. ही क्षेपणास्त्रे जुनाट झाली, त्यांच्या जागी पोलॅरिस पाणबुड्या येतील, असे सांगून एप्रिल 1963 मध्ये ती हलवली गेली. जुनाट होती हे खोटे नव्हते. पण ते निम्मेच खरे होते.

पुढच्या वर्षी सायप्रसमधल्या ग्रीक-तुर्की रक्तपातामुळे पंतप्रधान इस्मत इनोनू सैन्य पाठवण्याच्या तयारीत होते. 5 जून 1964 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांचे पत्र आले. अमेरिकी शस्त्रे तिथे वापरता येणार नाहीत. आणि तुमच्या कारवाईमुळे रशिया अंगावर आला, तर नाटो धावून येईलच असे धरू नका. अतातुर्कांच्या बरोबरीने लढलेल्या, ऐंशीला टेकलेल्या माणसाला हे वाचावे लागले! 1966 मध्ये ते पत्र वर्तमानपत्रात छापले गेले तेव्हा लोक खवळले, यात नवल नाही.

1974 साली सायप्रसमध्ये ग्रीक लष्करशहांनी बंड घडवल्यावर पंतप्रधान बुलेंत एजेवित यांनी तिथे फौज उतरवलीच. (हे गृहस्थ कवी, टागोरांची 'गीतांजली' त्यांनी तुर्कीत आणली.) अमेरिकी काँग्रेसने फेब्रुवारी 1975 पासून शस्त्रबंदी लादली, तर तुर्कस्तानने अमेरिकी तळांचा ताबा घेतला. बंदी 1978 मध्ये उठली. 1979 मध्ये इराणचा शाह गेला, त्याच्याबरोबर रशियावर कान ठेवणारी तिथली अमेरिकी ठाणी गेली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत रणगाडे शिरले. मार्च 1980 मध्ये वॉशिंग्टनने अंकाराशी नवा संरक्षण करार केला. सायप्रसमधली तुर्की फौज तेव्हाही तिथेच होती.

1 मार्च 2003 रोजी मात्र विचारावेच लागले. इराकवरच्या हल्ल्यासाठी अमेरिकी सैन्याला वाट द्यावी का, यावर तुर्की संसदेत मतदान झाले: बाजूने 264, विरोधात 250, तटस्थ 19. बहुमताला 267 हवी होती. तुर्की किनाऱ्यासमोर थांबलेली अमेरिकी जहाजे सुएझमार्गे कुवेतकडे वळली.