एकच फोल्डर उघडला की कॉम्प्युटर हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

बाकी कॉम्प्युटर ठणठणीत चालतो, पण एक ठराविक फोल्डर उघडला की चक्र फिरत राहतं आणि शेवटी 'नॉट रिस्पॉन्डिंग' असं येतं. सेवा केंद्र असो, फोटो स्टुडिओ असो की घरचा लॅपटॉप, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. बहुतेक वेळा तो फोल्डर 'डाउनलोड्स'चा असतो, नाहीतर मोबाईलमधून उतरवलेल्या फोटो-व्हिडिओंचा.

"व्हायरस आलाय, फॉरमॅट मारावा लागेल," असं उत्तर लगेच मिळतं. घाई करू नका. फॉरमॅट म्हणजे त्या ड्राइव्हवरचे सातबारा, लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशेब सगळं साफ. आणि दुखणं बऱ्याचदा एका सेटिंगचं असतं.

फोल्डरमध्ये फोटो-व्हिडिओ जास्त दिसले की विंडोज तो चित्रांचा फोल्डर समजतं. मग उघडताना प्रत्येक फाइलचं छोटं चित्र, म्हणजे थंबनेल, तयार करत बसतं. व्हिडिओ किती मिनिटांचा, फोटो कधीचा, हेही वाचतं. फाइल दोन-तीन हजार असल्या की वेळ लागणारच. त्यात एखादा अर्धवट उतरलेला व्हिडिओ असला तर गाडी तिथेच रुतते.

आधी अडकलेला फोल्डर सोडवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'विंडोज एक्सप्लोरर' निवडून 'रीस्टार्ट' करा. स्क्रीन क्षणभर कोरी होते, घाबरायचं कारण नाही, फाइल जात नाहीत. फक्त कॉपी चालू असेल तर ती तुटते.

आता फोल्डर न उघडता त्यावर राइट क्लिक करा. 'प्रॉपर्टीज'मध्ये 'कस्टमाइझ' असा टॅब आहे. तिथे 'पिक्चर्स' किंवा 'व्हिडिओज' असेल तर 'जनरल आयटम्स' करा, खालच्या सबफोल्डरच्या चौकटीत टिक करा, मग 'अप्लाय' आणि 'ओके'. पुष्कळदा काम इथेच होतं.

नाही झालं, तर स्टार्टमध्ये 'फाइल एक्सप्लोरर ऑप्शन्स' शोधा. 'व्ह्यू' टॅबमध्ये 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' यावर टिक करा. फोटोंची चित्रं दिसणार नाहीत, पण फोल्डर उघडेल. मग शून्य केबीच्या किंवा अर्धवट उतरलेल्या फाइल शोधून काढून टाका आणि टिक परत काढा. एखादी पीडीएफ नुसती निवडली तरी अडकत असेल, तर ऑल्ट आणि पी दाबून उजवीकडचा प्रिव्ह्यू बंद करा.

फोन केबलने जोडून कॅमेऱ्याचा 'डीसीआयएम' फोल्डर उघडायला वेळ लागतो, तो बिघाड नव्हे. फोनचं लॉक उघडं ठेवा आणि थांबा.

मात्र सगळेच फोल्डर अडकत असतील, किंवा हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर हे प्रयोग नकोत. डिस्क जायच्या बेतात असू शकते. महत्त्वाच्या फाइल आधी दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या, मगच मशीन दुरुस्तीला द्या. देताना डेटा पुसू नका, हे स्पष्ट सांगा.