मैदान आणि हद्द

भारत व त्याच्या शेजारी देशांतील क्रीडांगणांची थोरवी सांगावयाची झाली की लोक प्रथम आसने मोजतात. त्या मापाने पहिला मान अहमदाबादेचा. 2020 साली नव्याने खुल्या झालेल्या तेथील क्रीडांगणात 1,32,000 प्रेक्षक बसतात. कोलकात्याच्या विवेकानंद युवभारती क्रीडांगणात सुमारे 85,000 मावतात. आकडे भव्य खरेच. परंतु इतिहासाच्या मापाने आम्हांस याहून पुष्कळ लहान असे ढाक्याचे मैदान मोठे वाटते.

1955 च्या जानेवारीत पाकिस्तानने मायदेशातील आपला पहिला कसोटी सामना या मैदानावर खेळला. प्रतिस्पर्धी भारत, नायक विनू मंकड. सामना अनिर्णित राहिला. 1971 साली पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला. नोव्हेंबर 2000 मध्ये या नव्या राष्ट्राने आपला पहिला कसोटी सामना खेळला, तोही याच मैदानावर आणि भारताशीच. अमीनुल इस्लाम यांनी 145 धावा काढल्या. विजय भारताचा झाला. मैदान जागचे हलले नव्हते; हलली होती ती हद्द.

बीदर-कलबुर्गीकडील वाचकांस याचे नवल वाटू नये. निजामाची सत्ता 1948 साली संपली आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर व गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. हद्द बदलली की कज्ज्याची भाषा बदलते, अपिलाची वाट बदलते, हे आम्ही वकील मंडळी जाणतो. परंतु गाणगापुरास संगमावर स्नान करणाऱ्यास त्याचे राज्य कोणी विचारीत नाही. जत्रेच्या फडात उतरणाऱ्या मल्लासही नाही. तेथे पुसले जाते ते गाव आणि वस्ताद.

असा फड म्हणजे आमच्या सीमाभागाचे खरे क्रीडांगण होय. त्याला आसने नाहीत आणि बहुधा कागदही नाही. म्हणून देवस्थानांच्या विश्वस्तांस आमची एवढीच विनंती आहे : जत्रेच्या मैदानाची मोजणी करून घ्यावी, त्याचे कागद नीट करावेत आणि गाळ्यांच्या भाड्यासाठी ती माती बुजवू नये. सरकारे बदलली तरी टिकलेली जागा आपल्याच दुर्लक्षाने जाऊ नये.