पावनखिंडीचा पहिला डाव : दिवाळीच्या किल्ल्यावर इतिहास हलू लागतो तेव्हा

१/ दिवाळी जवळ आली की करी रोड, लालबाग, परळच्या चाळींत दगड, विटा, गोणपाट आणि माती गोळा होऊ लागते. बुरूज उभे राहतात, उतारावर पेरलेले अळीव हिरवे होते, गुहेत वाघ बसतो, सिंहासनावर महाराज विराजमान होतात आणि पायऱ्यापायऱ्यांवर मातीचे मावळे पहारा देऊ लागतात. या किल्ल्यावर सारे काही असते; काळ तेवढा थांबलेला असतो.

२/ हा काळ चालू केला तर? मावळ्याला चाल दिली, समोर शत्रू उभा केला आणि हाती फासे घेतले, तर दिवाळीच्या किल्ल्याची युद्धक्रीडा होते. जगभर ‘वॉरगेम’ म्हणून खेळल्या जाणाऱ्या या खेळाचा पहिला डाव बहुतेक जण हरतात. त्या हरण्यातून लढायांच्या इतिहासाविषयी पुष्कळ काही कळते.

३/ पटावरचे युद्ध भारताला नवे नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून चतुरंगाला नाव मिळाले. पण बुद्धिबळाच्या पटावर डोंगर नाही, नदी नाही आणि नशीबही नाही. दोन्ही बाजूंना सारे काही दिसत असते. खरी लढाई अशी कधीच नसते.

४/ ही उणीव प्रशियात भरून निघाली. १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी भूभागाचे तुकडे हवे तसे मांडता येतील असे एक मेज राजाला सादर केले. त्यांच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये त्या खेळाचे सुधारित नियम छापले. १:८००० प्रमाणाचा नकाशा, दोन मिनिटांची एक खेळी, हानी ठरवायला फासे आणि मध्ये एक पंच. शत्रूच्या ज्या तुकड्या दृष्टीस पडणे शक्य नाही, त्या पंच नकाशावर ठेवतच नसे. लष्करप्रमुखांच्या कार्यालयाचे मुख्य जनरल म्युफलिंग यांना हा खेळ इतका पटला की त्यांनी तो साऱ्या सैन्यासाठी सुचवला.

५/ घरातल्या जमिनीवर हे युद्ध आणले ते कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी. १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये त्यांचे शिशाचे पायदळ एका खेळीत एक फूट आणि घोडदळ दोन फूट चालते. खेळून पाहिले की खरे युद्ध ही केवढी घोडचूक आहे ते कळते, असे त्यांनी शेवटी सुचवले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

६/ आता करी रोडच्या किल्ल्याकडे परतू. त्यावर मांडायला जुलै १६६० चा प्रसंग घेऊ. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. भर पावसातही तो उठलेला नाही. रात्रीच्या अंधारात शिवाजी महाराज गडाबाहेर पडतात. दुसऱ्या पालखीत शिवा काशिद बसले होते, असे परंपरा सांगते. विशाळगड सुमारे ६० किलोमीटरवर. पाठलागावर सिद्दी मसूद. आणि विशाळगडाच्या पायथ्याशीही सुर्वे व दळवी यांचा वेढा.

७/ घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांसह थांबतात. महाराज गडावर पोहोचल्याची खूण तोफांच्या आवाजाने व्हायची आणि तोवर खिंड धरायची, हे ठरलेले. परंपरेने सांगितलेली संख्या अशी : एकूण सुमारे ६००, त्यांतले ३०० खिंडीत.

८/ समजा, चाळीतल्या दोन मुलांनी हा डाव मांडला. एक मावळा म्हणजे २० माणसे. खिंडीत १५ मावळे, समोर विजापूरचे ४५. पायदळ एका खेळीत एक वीत, घोडदळ दोन. खिंडीच्या तोंडाशी एका वेळी तिघेच लढू शकतात. विशाळगडाची बाजू पुठ्ठ्याआड, तिथल्या सोंगट्या फक्त पंच हलवणार. महाराजांना पायथा गाठायला सहा खेळ्या. मग वेढा फोडायला फाशावर पाच किंवा सहा पडायला हवेत.

९/ पहिला डाव बहुधा असा जातो : तिसऱ्या खेळीला मराठ्यांचे फासे चांगले पडतात, शत्रू मागे सरतो आणि खेळणाऱ्याला चेव येतो. तो मावळ्यांना खिंडीबाहेर काढून पाठलागावर पाठवतो. उघड्यावर घोडदळ त्यांना दोन्ही अंगांनी घेरते. सहाव्या खेळीला खिंड रिकामी. मराठ्यांचे १५ पडले, विजापूरचे २२. मेलेल्यांच्या हिशेबात मराठे जिंकले. पण पुठ्ठ्याआड महाराज अजून पायथ्याशीच आहेत.

१०/ पहिला धडा जमिनीचा. खिंडीत ४५ असोत वा ९०, लढतात तिघेच. मागचे नुसते उभे. संख्या जास्त असणे आणि ती कामी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मूठभर मावळे हजारोंशी लढले’ या वाक्यातली खिंड दिसू लागते ती इथे. त्यातून मावळ्यांचे शौर्य उणे होत नाही. ती जागा निवडणाऱ्यांची बुद्धी अधिक उठून दिसते.

११/ दुसरा धडा काळाचा. या लढाईत शत्रू मारणे हे साधन होते आणि वेळ मिळवणे हे साध्य. विजयाची व्याख्या चुकली की चांगले फासेही घात करतात. शत्रू हटलेला असताना पुढे न धावणे, जागा न सोडणे, यालाही धैर्यच लागते. पोवाड्यातल्या तलवारीच्या खणखणाटात हा संयम ऐकू येत नाही.

१२/ तिसरा धडा अज्ञानाचा. आज प्रत्येकाला ठाऊक आहे की तोफा वाजल्या. खिंडीत उभ्या असलेल्यांना ते ठाऊक नव्हते. आणखी किती वेळ, महाराज पोहोचले की अडकले, पायथ्याचा वेढा फुटला की नाही, यांतले काहीच त्यांना कळत नव्हते. पुठ्ठ्याआडचा फासा ऐकू येतो पण दिसत नाही, तेव्हा मुलांना त्या अनिश्चिततेची पुसटशी कल्पना येते. शेवट माहीत असणे हा इतिहास वाचणाऱ्याचा सर्वांत मोठा अडथळा असतो.

१३/ खेळाची मर्यादाही ओळखली पाहिजे. फासे हा पुरावा नव्हे. नियम बदलले की निकाल बदलतो. त्यामुळे १६६० मध्ये नेमके काय घडले हे पट सांगू शकत नाही. त्यासाठी शकावल्या, पत्रे, बखरी आणि त्यांची चिकित्सा हाच मार्ग. पट फक्त प्रश्न सुचवतो : खिंड किती रुंद होती? पावसात घोडे किती वेगाने चालले असतील? आणि पडलेला मातीचा मावळा पुढच्या डावासाठी उचलून ठेवता येतो. बांदलांच्या घरची माणसे परतली नाहीत.

१४/ गिरणगाव एकेकाळी भोंग्यावर चालत असे. कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून आलेली माणसे त्या आवाजावर उठत आणि पाळी संपल्याचा भोंगा ऐकून घरी परतत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. चाळींच्या जागी टॉवर आले आणि किल्ल्याला लागणारे अंगणही आक्रसले.

१५/ आवाजाची वाट पाहत उभे राहणे म्हणजे काय, हे त्या वस्तीला समजावून सांगावे लागले नसते. उरलेल्या अंगणांत यंदा किल्ला उभा राहील, तेव्हा मावळ्यांना एकदा चाल द्यावी. पहिला डाव हरला तरी चालेल. दुसऱ्या डावात खिंडीतला मावळा पुढे धावणार नाही; तो कान देऊन उभा राहील.