चार्ली रॉसचें अपहरण व लोकापवाद

(१) बखर व अस्सल पत्र यांतील भेद या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. गोष्ट घडून गेल्यावर पन्नास-साठ वर्षांनीं लिहिलेल्या वृत्तांतांत चूक कशी शिरते हें आपण नित्य पाहतों. परंतु गोष्ट घडत असतां, त्याच शहरांत व त्याच महिन्यांत लोकांच्या तोंडून निघालेली वार्ताहि तितकीच निराधार असूं शकते. समकालीन आहे एवढ्यावरच ती ग्राह्य धरिली तर निरपराध मनुष्याच्या नांवास कायमचा डाग लागतो. मूल नाहींसें झालें असतां त्याच्या आईबापांविषयीं जे तर्क उठतात ते या वर्गांतले होत. अशा तर्कांची अस्सल कागदांच्या आधारें परीक्षा करतां येईल असें एक प्रकरण अमेरिकेंत घडलें. त्याचा विचार आम्ही येथें करतों.

(२) इ. स. १८७४ च्या जुलै महिन्याच्या १ ल्या तारखेस फिलाडेल्फिया शहराच्या जर्मनटाऊन भागांत राहणाऱ्या क्रिश्चन रॉस या व्यापाऱ्याचे दोन मुलगे घरासमोरील रस्त्यावर खेळत होते. थोरला वॉल्टर सुमारें सहा वर्षांचा व धाकटा चार्ली चार वर्षांचा. एक घोडागाडी आली. तींत दोन इसम होते. त्यांनीं पूर्वींच्या दिवसांत मिठाई देऊन मुलांशीं ओळख केली होती. ४ जुलै हा त्या देशाच्या स्वातंत्र्याचा उत्सवदिन. त्या दिवसाकरितां दारूकाम घेऊन देतों असें सांगून त्यांनीं दोघांसहि गाडींत घेतलें. बरेंच अंतर गेल्यावर वॉल्टरच्या हातीं पंचवीस सेंट देऊन त्यास दुकानांत धाडिलें. तो बाहेर येतो तों गाडी नाहीं व भाऊहि नाहीं. रडणाऱ्या वॉल्टरला एका वाटसरूनें घरीं पोंचविलें. चार्ली पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं.

(३) मुलांची आई त्या वेळीं प्रकृतीच्या कारणानें अटलांटिक सिटी येथें समुद्रकिनारीं राहिली होती. तिला एकाएकीं धक्का बसूं नये म्हणून बापानें वर्तमानपत्रांत दिलेल्या पहिल्या जाहिरातींत घराण्याचें नांव घातलें नाहीं. कांहीं दारूबाज लोकांनीं थट्टेनें मुलें नेलीं असावीं, शुद्धीवर आल्यावर ते मूल परत आणून सोडतील, असा पोलिसांचाहि प्रथम समज होता. परंतु दोनतीन दिवसांतच पहिलें पत्र आलें. मूल आमच्याजवळ आहे, पोलिसांचा शोध लावाल तर त्याच्या जिवास मुकाल, असा त्याचा आशय होता. त्यामागून आलेल्या पत्रांत वीस हजार डॉलरची खंडणी मागितली होती. अशीं एकंदर तेवीस पत्रें आलीं. त्यांतील शुद्धलेखनाच्या चुका इतक्या ढोबळ आहेत कीं, लिहिणाऱ्यानें आपली ओळख लपविण्यासाठीं त्या मुद्दाम केल्या असाव्या असें अनेकांस वाटलें. उत्तरें ‘पब्लिक लेजर’ या पत्रांतील खासगी जाहिरातींच्या द्वारें मागविलीं जात.

खंडणी द्यावी कीं न द्यावी हा खरा पेंच होता. एकदां पैसे दिले म्हणजे कोणाचेंच मूल सुरक्षित राहणार नाहीं असें अधिकाऱ्यांचें व शहरांतील प्रतिष्ठितांचें मत पडलें. तरीहि वाटाघाट चालू राहिली. चोरांच्या सांगण्यावरून रॉस पांढऱ्या रंगाची पेटी घेऊन रात्रभर आगगाडीच्या मागल्या सज्जावर उभा राहिला. सांगितलेली खूण कोठेंच दिसली नाहीं.

(४) आतां लोकापवादाकडे वळूं. पत्रांचा मजकूर अधिकाऱ्यांनीं आरंभीं गुप्त ठेविला. तपासाच्या दृष्टीनें त्यास कारण असेल. परंतु अस्सल कागद झांकले गेले व त्या रिकाम्या जागीं कंड्या पिकूं लागल्या. रॉस मोठ्या घरांत राही म्हणून लोक त्यास श्रीमंत समजत. वस्तुतः १८७३ च्या व्यापारी मंदींत तो कर्जबाजारी झाला होता. हें बाहेर फुटतांच, लोकांची कींव मिळवून कर्ज फेडण्यासाठीं बापानेंच मूल लपविलें, असें बोललें जाऊं लागलें. कोणीं घरांतील कलहाची कल्पना केली, तर कोणीं मुलाच्या जन्माविषयींच शंका काढिली. बाप खंडणी देत नाहीं म्हणून निर्दय ठरला. तो रडला तर तें सोंग ठरलें. पहिल्या जाहिरातींत नांव नव्हतें, यांतहि लोकांस कपट दिसलें.

हे आक्षेप एकेक करून पाहूं. कर्ज खरें होतें. परंतु शहरानें जाहीर केलेलें वीस हजार डॉलरचें बक्षीस चोरांस पकडून मूल परत आणणाऱ्यासाठीं होतें, तें बापाच्या हातीं पडावयाचें नव्हतें. जाहिरातींत नांव नसण्याचें कारण आजारी आई हें वर आलेंच आहे. जन्माविषयींच्या शंकेस एकाहि कागदाचा आधार नाहीं. राहतां राहिला खंडणीचा आक्षेप. त्यांत बापाचा निर्णय शहराच्या सल्ल्यानें झाला होता.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ऑगस्टच्या आरंभींच न्यूयॉर्कच्या पोलिसांस खऱ्या गुन्हेगारांचीं नांवें कळलीं होतीं. बिल मोशर नांवाच्या चोराच्या सख्ख्या भावानेंच मोशर व त्याचा सोबती जो डग्लस यांजवर संशय सांगितला, आणि पत्रांतील अक्षराचें वळणहि मोशरकडे बोट दाखवीत होतें. म्हणजे पोलिसांच्या दप्तरीं एक नांव व बाजारांत दुसरेंच, अशी स्थिति चार महिने होती.

(५) १८७४ च्या डिसेंबरच्या मध्यास ब्रुकलिनजवळ बे रिज येथें न्यायाधीश व्हॅन ब्रंट यांच्या बंद घरांत रात्रीं चोर शिरले. शेजारींच राहणाऱ्या त्यांच्या भावानें माणसें घेऊन घर वेढलें. गोळीबारांत मोशर जागींच ठार झाला. डग्लस सुमारें दोन तास जगला. चार्ली रॉसला आपण दोघांनीं चोरलें, तो कोठें आहे तें मोशरला ठाऊक, असें त्यानें मरतांना सांगितलें. वॉल्टरला न्यूयॉर्कला नेऊन प्रेतें दाखविलीं. त्या मुलानें दोघांसहि ओळखिलें. मोशरच्या नाकाची विकृति त्याच्या पक्की ध्यानांत होती. पुढें मोशरचा मेहुणा व माजी पोलीस विल्यम वेस्टरव्हेल्ट याजवर १८७५ त खटला झाला. अपहरणाचा आरोप शाबीत झाला नाहीं, परंतु कटाबद्दल त्यास सात वर्षांची शिक्षा झाली. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळानें त्याच वर्षीं अपहरणाचा गुन्हा अधिक गंभीर वर्गांत घातला. बाप मात्र निर्दोष ठरला तो अशा घटनेनें कीं, जी घडली नसती तर बाजारगप्पाच इतिहास म्हणून उरल्या असत्या. १८७६ त त्यानें सर्व हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली व १८९७ त मरेपर्यंत मुलाचा शोध सोडला नाहीं.

(६) यावर कोणी म्हणेल कीं, कधीं कधीं गुन्हा घरांतच असतो. तेंहि खरें आहे. इंग्लंडांत विल्टशरमधील रोड या गांवीं १८६० च्या जूनअखेर केंट घराण्याचें सुमारें चार वर्षांचें मूल पहांटे बिछान्यांत नव्हतें. पुढें त्याचें प्रेत आवारांतील शौचकूपांत सांपडलें. लोकांनीं बाप व दाई यांजवर संशय घेतला. लंडनचा तपासनीस व्हिचर यानें मुलाच्या सावत्र बहिणीस, सोळा वर्षांच्या कॉन्स्टन्सला, पकडलें तेव्हां त्याचीच निंदा झाली. १८६५ त तिनें स्वतः गुन्हा कबूल केला. म्हणजे गुन्हेगार घरांतला असतांहि लोकांचें बोट दुसऱ्याकडेच होतें.

(७) मूल न सांपडल्यानें पुढें तोतये निघाले, हें आपणांस नवल नाहीं. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नांवानें उभा राहिलेला तोतया १७७६ पर्यंत पुण्याच्या कारभाऱ्यांस पुरून उरला होता. चार्लीचेंहि नांव अनेकांनीं घेतलें. गुस्ताव्ह ब्लेअर नामक सुताराचा दावा तर १९३९ त ॲरिझोनांतील फीनिक्सच्या न्यायालयानें, विरोध करण्यास कोणी न आल्यामुळें, मान्य केला. रॉस घराण्यानें तो कधींच मानला नाहीं. न्यायालयाचा निवाडाहि एकतर्फी असला तर तो किती वजनाचा धरावा, हें यावरून दिसतें.

त्या तेवीस पत्रांपैकीं बावीस पत्रें आपल्या शतकांत फिलाडेल्फियांतील एका घराच्या तळघरांत, काळ्या बुटाच्या नाडीनें बांधलेलीं, सांपडलीं. १९३९ सालचे दावेदार गेले, १८७४ सालचे निंदकहि गेले, कागद राहिले. २०१३ च्या नोव्हेंबरांत त्यांचा लिलाव होऊन वीस हजार डॉलर आले. चोरांनीं मुलासाठीं मागितलेली रक्कमहि तेवढीच होती.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, जुन्या दप्तरांत एखाद्या घराण्याविषयीं अपवादात्मक मजकूर आढळला, तर तो प्रसिद्ध जरूर करावा. परंतु तो लिहिणाऱ्यानें स्वतः पाहिलें काय व ऐकलें काय, आणि ज्याजवर आरोप आहे त्याचा कागद कोठें आहे, हे दोन प्रश्न मजकुराबरोबरच नोंदवावे. ज्यांचें मूल गेलें त्यांच्या बाबतींत तर हे प्रश्न विचारल्यावांचून एक अक्षरहि पुढें जाऊं देऊं नये.