पानी

बाबासाहेब १९४६ साली घटना समितीवर गेले ते बंगालातून. जोगेंद्रनाथ मंडल आणि नमशूद्रांच्या पाठबळावर. हे आपल्याला तोंडपाठ आहे, दर जयंतीला माईकवर ठोकतो. पण मित्रांनो, त्या नमशूद्रांचं पुढं काय झालं?

फाळणीत खुलना, बरिसाल पाकिस्तानात गेलं. मंडल तिथं कायदामंत्री झाले आणि १९५० ला राजीनामा देऊन इकडं आले. पैसेवाले भद्रलोक आधीच कलकत्त्याला पोचले होते. मागून आलेल्या नमशूद्रांना सरकारनं १९५८ पासून दंडकारण्यात धाडलं. साठच्या दशकात काही कुटुंबं चांदा जिल्ह्याच्या जंगलात, म्हणजे आजच्या गडचिरोलीत वसवली. आपल्याच महाराष्ट्रात!

१९७८ ला हजारो लोक दंडकारण्य सोडून सुंदरबनात मरिचझापी बेटावर गेले. १९७९ त पोलिसांनी नाकेबंदी करून बेट रिकामं केलं. तो इतिहास निदान छापला तरी. मागं राहिलेल्या आयांचा कोण छापणार?

सूतगिरणीत माझा जोडीदार मूलचेऱ्याकडचा. त्याच्या आजीला विचारलं, "आजी, मराठी कुठं शिकलीस?"

"शिकवणार कोण? बाजारात."

वीज नव्हती, रेडिओ नव्हता. कडेवर पोर. मीठ, तेल, रॉकेल, एकेक शब्द हात दाखवून घेतलेला. फक्त 'पानी' तिला आधीपासून येत होतं. बंगाली हिंदू 'जोल' म्हणतो, मुसलमान 'पानी'. गावाकडच्या मुसलमान शेजारणीचा शब्द इथं कामी आला. ज्या दंग्यातून पळाली, त्याच गावचा.

बंगालीत क्रियापदाला लिंग नाही. त्यामुळं आजी अजून 'मी आला' म्हणते. 'व' चा 'ब' होतो, विहिरीची 'बिहीर'. बाजार हसायचा. आपल्या आयांच्या 'पानी'ला पण पेठेतले मास्तर हसलेच की, तेव्हा हसणाऱ्यांत आपण नको.

घरात पाटी एकच, पोराची. तो निजला की ती त्याच्यावर अक्षरं गिरवायची. म्हातारपणी नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत गेली, तर साहेब म्हणाला यादीत नाव नाही. आजीनं यादी मागून घेतली, बोट लावून पुरी वाचली. नमशूद्र बंगालात अनुसूचित, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. कलम ३४१ ची यादी राज्यवार असते, हे तिला मी सांगितलं.

ती म्हणाली, "मग मी वाचायला चुकला नाही ना रे?"