आधी नारळ निघायचा

आमच्या घरी प्रवासाला माणसाच्या आधी नारळ निघायचा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या आजीचा तो नेम. मुंबईला जायचं ठरलं की ती आधी वार बघायची. मंगळवारी नि बुधवारी उत्तरेला दिशाशूळ, त्या दिवशी उत्तरेच्या वाटेला लागायचं नाही. पण रजेला, तिकिटाला आणि दुसऱ्याच्या लग्नाला दिशाशूळ कुठला कळतोय? मग सोमवारीच एका धुवट फडक्यात नारळ, सुपारी, मूठभर तांदूळ आणि जाणाऱ्याचा एखादा कपडा बांधायचा आणि उत्तरेच्या अंगाला असलेल्या एखाद्या ओळखीच्या घरी नेऊन ठेवायचा. हे प्रस्थान. जाणारा अजून आमच्याच चुलीपुढे भाकरी मोडत बसलेला असायचा, पण आजीच्या लेखी तो निघालेला. बुधवारी जाताना त्या घरी वाकडी वाट करून बोचकं उचललं, त्या घरचा चहा घेतला, की पुढे स्टेशन.

आजीनं हे मनानं काढलेलं नव्हतं. काशीच्या रामदैवज्ञानं १६०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’त यात्रेचं एक प्रकरणच आहे आणि त्यात प्रस्थानाचे नियम आहेत. प्रस्थान ठेवल्यावर एका जागी राजानं दहा दिवसांपर्यंत थांबावं, मांडलिकानं सात, बाकीच्यांनी पाच. मोठ्या माणसाला निघायला वेळ लागतो, हे शास्त्रकारांनाही ठाऊक होतं म्हणायचं.

आणि देवाचंही तसंच. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूतून प्रस्थान करते आणि पहिला मुक्काम कुठे, तर देहूतच, इनामदार वाड्यात. अष्टमीला माउलींची पालखी आळंदीच्या देवळातून निघते नि रात्री आळंदीतच आजोळघरी राहते. पंढरीची वाट दुसऱ्या दिवशी. टाळ वाजले, फुगड्या झाल्या, आणि रात्री वारकरी देवळापासून हाकेच्या अंतरावर पथारी टाकून झोपलेला. पूर्वी मला ते अजब वाटायचं. आता धंद्यामुळे वाटत नाही.

माझा धंदा तिकिटांचा. शाहूपुरीत स्टेशनाजवळ छोटी जागा आहे. रेल्वे, विमान, स्लीपर कोच, यात्रा कंपन्यांची बुकिंग. २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलियाची क्रूझ सुरू झाली आणि आमच्याकडेही गिऱ्हाईक बोट मागायला लागलं. कोण लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, कोण मुलाला पहिली नोकरी लागली म्हणून. मी प्रत्येकाला सांगते, आदल्या दिवशी मुंबईत पोचा. आणि प्रत्येकजण भांडतो. “काय वो ताई, महालक्ष्मीनं सकाळी उतरायचं, टॅक्सी करायची, धक्का. लॉजवर पैशे कशाला घालवायचे?” या भांडणातूनच मी जुनी कागदं नि जुनी माणसं धुंडाळायला लागले. बोटीआधीचा तो रिकामा दिवस कोल्हापूरला नवा नाही, एवढं मला गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं.

कोल्हापूर समुद्रापासून तसं लांब नाही; मध्ये सह्याद्री उभा आहे, एवढंच. आंबा घाट उतरला की रत्नागिरी, गगनबावड्यावरून करूळ घाटानं खारेपाटण, राधानगरीवरून फोंडा घाटानं देवगड-मालवण, आजऱ्यावरून आंबोली उतरलं की सावंतवाडी आणि वेंगुर्ला. रेल्वे येण्याआधी गूळ या घाटांनी खाली जायचा नि मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. खाली बंदरांवर एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळापासून मुंबईच्या आगबोटी लागत. शेफर्ड कंपनीच्या बोटी म्हणून त्यांची ओळख होती, पुढे ती बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वदेशीच्या भरात कोकणातल्या लोकांनी शेअर काढून स्वतःची कंपनी उभी केली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. कंपनीला इतकं गोड नाव मी दुसरं ऐकलेलं नाही.

बोट बंदराला ‘लागते’ असं म्हणत खरे, पण बहुतेक ठिकाणी ती किनाऱ्याला लागतच नसे. पाणी उथळ, धक्का नाही, म्हणून ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची. माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. आधी गुडघाभर पाण्यातून पडावात चढायचं, बायका-पोरांना खलासी उचलून ठेवायचे, मग वल्ही मारत बोटीच्या अंगाला जायचं आणि लाट पडावाला वर उचलेल त्या क्षणी शिडी धरायची. घाटावरच्या माणसाला हे मरणाचं वाटे. वारा फिरला, वरच्या बंदरात माल चढायला उशीर झाला, धुकं पडलं, की बोट दुपारची रात्री यायची. काही वेळा दर्या इतका खवळलेला असे की ती न थांबताच पुढे निघून जायची. तिची वाट बघणं हा प्रवासाचाच भाग होता. म्हणून घाटावरचे प्रवासी बैलगाडीनं आदल्या दिवशी, नाहीतर दोन दिवस आधी, बंदरावर उतरत. धर्मशाळेत जागा मिळाली तर बरं, नाहीतर बुकिंग कचेरीच्या पडवीत, गोणपाटांच्या आडोशाला. शिदोरीतली भाकरी पुरवून खायची. शिटी ऐकू आली की सगळं बंदर उठून उभं.

आगोट जवळ आली की तर विचारूच नका. पावसाळ्यात कोकणातल्या बोटी बंद, थेट नारळी पौर्णिमेनंतर दर्या खुला व्हायचा. त्यामुळे मेअखेरच्या बोटींना जी झुंबड उडे, तिच्यात एक दिवस आधी पोचलेलासुद्धा उशिरा आलेला ठरायचा.

आता कोल्हापूरच्या सगळ्यांत मोठ्या प्रवाशाची गोष्ट. छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. वय वीस. १८७० साली ते युरोपला निघाले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानण्याचे ते दिवस, आणि त्यात हा गादीवरचा राजा. कोल्हापुरात तेव्हा आगगाडी नव्हती. मुंबईहून बोर घाट चढून पुण्याला सलग गाडी येऊ लागली ती १८६३ मध्ये, म्हणजे कोल्हापूरकरानं मुंबईच्या शंभर-सव्वाशे कोसांतली निम्मीअधिक वाट आधी पुण्यापर्यंत सडकेनं कापायची, मग गाडी, मग मुंबईत बोटीच्या तारखेची वाट. राजाचा लवाजमा म्हणजे आचारी, कारभारी, पूजेचं साहित्य, पाण्याची व्यवस्था. असला प्रवास सकाळी उठून दुपारी होत नाही. ‘मुहूर्तचिंतामणी’नं राजाला दहा दिवस दिलेत ते उगाच नव्हे.

महाराज रोजनिशी लिहीत, तीही इंग्रजीत. त्यांच्याबरोबर गेलेल्या कॅप्टन एडवर्ड वेस्टनं ती पुढे १८७२ मध्ये लंडनमध्ये छापली. विलायत पाहून परत येताना ते फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच गेले. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर दहनाची परवानगी दिली. आपल्याकडे चिखलीच्या प्रयागाला जाणाऱ्या माणसाला संगमाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँटचा, आपला नवा राजवाडा बांधणारा तोच. आत महाराजांचा अर्धपुतळा आहे, फेटा नि दागिन्यांसह. शंभर वर्षांनी शेजारी पूल झाला त्यालाही तिथले लोक ‘इंडियानो’ म्हणतात. माझ्याकडून युरोपची सहल घेणाऱ्यांना मी फ्लॉरेन्समध्ये अर्धा दिवस हट्टानं मोकळा ठेवायला लावते. सगळे जात नाहीत. जे जातात ते फोटो पाठवतात.

पुढची फेरी शाहू महाराजांची, १९०२ ची, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची. तोवर कोल्हापुरात गाडी आली होती. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग संस्थानानं बांधला आणि १८९१ मध्ये तो सुरू झाला. जगभरचे राजे-महाराजे वेळेआधी लंडनला पोचले. जयपूरचे माधोसिंह तर आख्खी ‘ऑलिंपिया’ बोट भाड्यानं घेऊन, चांदीच्या अजस्र घागरींत गंगाजल भरून निघाले होते. समारंभ २६ जूनला ठरलेला, आणि २४ जूनला कळलं की राजाच्या पोटात आंत्रपुच्छाचं दुखणं, शस्त्रक्रिया, समारंभ पुढे. तो झाला ९ ऑगस्टला. दोन दिवस आधी पोचायचं म्हणून आलेल्यांना सहा आठवडे मिळाले! त्याच मुक्कामात, २६ जुलै १९०२ रोजी, कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. महाराज विलायतेत आणि हुकूम करवीरच्या गॅझेटात. याच प्रवासात ते फ्लॉरेन्सच्या छत्रीलाही जाऊन आले.

रेल्वेनं मात्र बंदरावरची ती रात्र आमच्याकडून काढून घेतली. घाट उतरण्याचं कारण उरलं नाही. मिरजेवरून पुणे, पुण्याला मीटर गेजमधून उतरून मोठ्या गाडीत, की मुंबई. १९७१ मध्ये मार्ग रुंद झाला आणि पुण्यात उतरायचंही थांबलं. वेळापत्रकावर लोकांचा विश्वास बसला. दिशाशूळ गेला, नारळही गेला. शहाणपणाच्या दृष्टीनं बघाल तर चांगलंच झालं.

पण ज्यांना बोटच धरायची होती, त्यांचा रिकामा दिवस गेला नाही. तो मुंबईत सरकला. आजरा, चंदगड, गडहिंग्लजच्या गावांच्या गिरणगावात सामाईक खोल्या असत. गावातला कुणीही मुंबईला उतरला की आधी लालबाग-परळच्या त्या खोलीवर. तिथे पाळीनं झोपणारे गिरणीकामगार, भिंतीला टांगलेल्या वळकट्या, खानावळीचा डबा. गोव्याच्या किंवा कोकणच्या बोटीचा माणूस तिथूनच पहाटे भाऊच्या धक्क्यावर जायचा. डेकवर चांगली जागा धरायची तर लवकर जाऊन पथारी टाकावी लागे. नंतर गेलेल्याला इंजिनाच्या धगीशेजारी बसावं लागे.

आणि हाजी. माझ्या मते आदल्या दिवसाचा इतिहास खरा त्यांचा आहे. विमानाआधी हज म्हणजे बोट. १८७७ साली सुरू झालेल्या मुघल लाईनच्या जहाजांनी मुंबईहून जेद्दाला माणसं नेली. दख्खनमधले यात्रेकरू क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत. जहाजाची तारीख, यात्रेकरूचा पास, टोचून घेतल्याचा दाखला, तिकिटाची खिडकी, यात दिवस जात, कधी आठवडेही. निरोप द्यायला आलेलं निम्मं गावही तिथेच. आमच्या शेजारच्या चाचींचे सासरे असे गेलेले. चाची सांगायच्या, घरून निघताना म्हाताऱ्यानं सगळ्यांची देणी फेडली, वैर होतं त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली आणि कफनाचं कापड ट्रंकेत तळाशी ठेवलं. मुसाफिरखान्यात पोचल्यावर करायचं काही उरलं नव्हतं. तिथल्या ओसरीत बसून ते पहिल्यांदा नातवाशी तासभर बोलले म्हणे. कोल्हापुरात तालीम नि दुकान यातून त्यांना कधी सवड झाली नव्हती. हजची शेवटची जहाजं १९९५ मध्ये गेली. त्यानंतर सगळे विमानानं.

कोकणच्या बोटीही मावळल्या. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं अजून पन्नाशीपुढची माणसं घेतात. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा फेऱ्या मारू लागली तेव्हा अशा जुन्या लोकांनीच माझ्याकडे आधी चौकशी केली. ती करोनात थांबली.

आजच्या क्रूझला पडाव नाही, खलासी नाही. बॅलार्ड पियरच्या टर्मिनलात सामान तपासून आत घेतात आणि बोट सुटायच्या बऱ्याच आधी दार बंद होतं. घाटात दरड पडली, पनवेलला गाडी अडकली, हे दार ऐकून घेत नाही. वेंगुर्ल्याची बोट निदान उशिरा तरी यायची.

गेल्या महिन्यात गडहिंग्लजचं एक कुटुंब होतं. मुलगा म्हणाला रात्रीच्या स्लीपरनं जाऊ, थेट धक्का. मी माझी सगळी कथा लावली, घाट, आगोट, राजाराम महाराज. तो मोबाईलवरच. त्याची आई मात्र ऐकत होती. ती म्हणाली, “आमच्या गावची खोली हाय की लालबागला. मामंजी तिथंच राहत होते. तिथं जाऊ आदल्या दिशी.” मुलानं हॉटेलच बघितलं, ती गोष्ट वेगळी. पण निघणं एक दिवस अलीकडे आलं, आणि आईनं वरून विचारलं, “बोट कुठल्या वारी हाय वो ताई? बुधवार नको.”

शुक्रवारची होती.